त्याग मागण्याचा अधिकार

उपवासकाळातला चौथा रविवार होता. मिस्सा आटोपल्यावर माणसे चर्चच्या आवारातील कडुलिंबाखाली रेंगाळली होती. सोलापूरचे ऊन मार्चमध्येच असे चढते की सावली सोडवत नाही. तेवढ्यात एक मुलगी माझ्यापाशी आली. मुलगी म्हणायचे, पण तेव्हा ती पंचवीस वर्षांची, लग्न होऊन दोन वर्षे झालेली होती. स्नानसंस्काराच्या दिवशी मी तिला हातांवर घेतले होते, म्हणजे मी तिची धर्ममाता. पुढे पाचवीत ती माझ्याच वर्गात आली आणि तेव्हापासून मला ‘बाई’ म्हणू लागली. तिने इकडेतिकडे पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, “बाई, माझ्या गोळीने पोटातल्या बाळाला इजा होते म्हणतात. गोळी घेतली तर पाप लागंल का?”

मी विचारले, “तू गोळी घेतेस ना?”

ती गप्प राहिली. चार दिवस तिने गोळी घेतलेली नव्हती.

त्या क्षणी मी तिला पाप-पुण्याचे काही सांगितले नाही, रिक्षा बोलावली. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. या गोष्टीला आता सात वर्षे झाली. तिची परवानगी घेऊन आणि तिचे नाव न सांगता तो आज वाचकांपुढे ठेवीत आहे. कारण तो केवळ तिचा नाही, आणि केवळ औषधाचाही नाही.

तिच्या हृदयात यांत्रिक झडप आहे. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ची. तिच्या आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांच्या आधाराने ज्या चाळी वाढल्या, त्यांतल्याच एकीत ही मुलगी वाढली. एका खोलीत आठ माणसे. अशा दाटीत एकाचा घसा बसला की साऱ्यांचा बसतो. घशातला हा एका जातीच्या जंतूंचा संसर्ग बहुतेक मुलांत आपोआप बरा होतो. काही मुलांत मात्र दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो. शरीराची संरक्षक यंत्रणा जंतूंशी लढता लढता आपल्याच हृदयाच्या झडपांना शत्रू समजू लागते. डॉक्टर याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. सांधे काही दिवसांत बरे होतात. झडप मात्र प्रत्येक नव्या तापाबरोबर थोडी जाड, थोडी आखडलेली होत जाते. श्रीमंत देशांतून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला, तो केवळ औषधांमुळे नव्हे. तिथे घरांत खिडक्या आल्या आणि एका अंथरुणावरची माणसे कमी झाली, हेही त्याचे कारण.

विसाव्या वर्षी तिची झडप बदलावी लागली. आपल्या देशात गरिबांना अशी शस्त्रक्रिया आवाक्यात आली त्यामागे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे मोठे श्रेय आहे. डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिथे तयार झालेली भारतीय झडप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली, आणि त्यानंतर हजारो माणसे तिच्या बळावर जगली. झडपेतील चकती उघडते, मिटते, आणि रात्रीच्या शांततेत तिची टिकटिक शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येते. लग्नानंतरच्या पहिल्या रात्री नवऱ्याने उशाखाली घड्याळ शोधले होते, असे ती हसत सांगते.

पण परकी वस्तू रक्ताला खपत नाही. तिला स्पर्श होताच रक्त गोठू पाहते. गुठळी झडपेवर बसली तर झडप अडकते, सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, रोज, न चुकता घ्यावी लागते. त्यात गर्भारपण आले की धोका वाढतो. वार सुटताना रक्त वाहून आई दगावू नये यासाठी निसर्ग आधीपासूनच तजवीज करून ठेवतो आणि गर्भवतीचे रक्त लवकर गोठणारे बनवतो. रक्ताचा वेग मंदावणे, रक्तवाहिनीला इजा होणे आणि रक्ताची घडण बदलणे अशी गुठळीची तीन कारणे फिरखॉव्ह या जर्मन वैद्याने १८५६ साली मांडली होती. गर्भारपण आणि बाळंतपण यांत ती तिन्ही एकत्र येतात. निसर्गाने जे आईच्या रक्षणासाठी केले तेच हिच्या जिवावर उठणार होते.

येथे थोडे विषयांतर करते, कारण हे वाचणाऱ्या घरांत सुना-लेकी आहेत. गुठळीचे भय फक्त झडपवाल्या बायकांना नसते. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, ज्यांना काही रक्तदोषांमुळे पुन्हा पुन्हा गर्भपात झाले आहेत, ज्या महिनोन्महिने अंथरुणावर आहेत, ज्यांचे सिझेरियन झाले आहे, अशा साऱ्यांना ते असते, आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत ते सर्वांत अधिक असते. नेमक्या याच दिवसांत आपण बाळंतिणीला बाजेवर जखडून ठेवतो, खाली शेगडी पेटवतो आणि पाणी बाधेल म्हणून घोटघोट मोजून देतो. सोलापूरच्या वैशाखातसुद्धा! डॉक्टरांची मनाई नसेल तर तिला लवकर उठवावे, चालवावे, पोटभर पाणी द्यावे. एकच पाय सुजून दुखू लागला किंवा अचानक धाप लागली तर दृष्ट काढीत न बसता तडक रुग्णालय गाठावे. यात कसलाही नैतिक पेच नाही. पेच पुढे आहे.

रक्त गोठू न देणारी जुनी औषधे मुख्यत्वे दोन. पहिले वॉरफेरिन आणि त्याच्या कुळातील गोळ्या. त्यांची कथा मोठी चमत्कारिक आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडलेला गोड घास खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक हवालदिल शेतकरी न गोठलेल्या रक्ताचा डबा घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात उभा राहिला. त्यातून पुढे जे द्रव्य निघाले ते १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि काही वर्षांत माणसांना जगवू लागले. दुसरे औषध हेपारिन. अमेरिकेतील एका वैद्यकीय विद्यार्थ्याला १९१६ साली ते कुत्र्याच्या यकृतात सापडले. आज ते डुकराच्या आतड्यांच्या अस्तरापासून काढतात आणि टोचून घ्यावे लागते. अलीकडे तिसऱ्या प्रकारच्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत. त्यांतील एक यांत्रिक झडपेच्या रुग्णांना देऊन पाहिली होती, पण गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले, आणि ती चाचणी मधेच थांबवावी लागली.

म्हणजे दोनच वाटा उरल्या. वॉरफेरिन झडपेला उत्तम जपते. पण ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते, आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत, जेव्हा बाळाचे नाक, हाडे आकार घेत असतात, तेव्हा त्यांत व्यंग निर्माण करू शकते. हेपारिनचा रेणू मोठा, तो वार ओलांडत नाही, म्हणून बाळ निर्धास्त. पण झडप जपण्यात ते उणे पडते. २००० साली कॅनडातील संशोधकांनी तोवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. गर्भारपणभर गोळी चालू ठेवली तर जिवंत जन्मलेल्या शंभर बाळांतील सुमारे सहांना ते व्यंग दिसले. झडपेवर गुठळी शंभरातल्या सुमारे चार जणींना झाली. सहा ते बारा आठवडे गोळीऐवजी हेपारिन दिले तर व्यंग टळले, पण गुठळी नऊ जणींना झाली, आणि आयांचे मृत्यू शंभरात सुमारे दोनांवरून चारांवर गेले. पुढे हेपारिनचे सुधारलेले प्रकार आले, मात्रा मोजण्याच्या चाचण्या आल्या. तरीही २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीत यांत्रिक झडपेच्या २१२ गर्भवतींपैकी जेमतेम अठ्ठावन्न टक्क्यांचेच गर्भारपण कोणत्याही गंभीर संकटावाचून पार पडून हाती जिवंत बाळ आले. वॉरफेरिनची रोजची मात्रा पाच मिलिग्रॅम किंवा कमी असेल तर बाळाचा धोका बराच उतरतो. आमच्या मुलीला सात लागत.

त्या आकड्यांत दोन हृदये आहेत. एकाचा भार हलका केला की दुसऱ्याचा वाढतो.

तिला तोवर सल्ले भरपूर मिळाले होते. एका डॉक्टरांनी विषय दोन वाक्यांत संपवला होता: गर्भ काढून टाका, मूल दत्तक घ्या. सासूबाई देवभीरू, मनाने वाईट नव्हेत, त्या म्हणाल्या, “लेकरासाठी आई काय करत नाही? देव बघून घेईल.” नवरा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करी. तो काहीच बोलत नसे. आणि तिने स्वतः, कोणालाही न सांगता, गोळी बंद केली होती. म्हणजे बाळासाठी तिने जी वाट धरली ती दोन्ही औषधांच्या वाटांहून भयंकर होती. गोळी नाही, हेपारिन नाही, फक्त प्रार्थना. झडप अडकली असती तर दोघेही गेली असती. तिला हे ठाऊक नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते की चांगली आई मरायला तयार असते.

हे तिला कोणी शिकवले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

धर्मगुरूंनी तिला जे सांगितले ते संयमाचे होते. गोळी घेणे पाप नाही. मात्र बाळाला कमी धोका होईल असा मार्ग आवाक्यात असेल तर तो अवश्य पाहावा. या उत्तरामागे जुनी परंपरा आहे. हल्लेखोरापासून स्वतःचा जीव वाचवताना त्याचा मृत्यू ओढवला तर कसे, हा प्रश्न संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात घेतला होता, आणि एका कृतीचे दोन परिणाम असू शकतात, त्यांतला एकच कर्त्याच्या हेतूत असतो, असे दाखवले होते. पुढच्या नीतिशास्त्रज्ञांनी त्याचा विस्तार केला. कृती मुळात चांगली हवी, वाईट परिणाम हेतूत नको, तो चांगल्याचे साधनही बनता कामा नये, आणि तो सोसण्याजोगे तोलामोलाचे कारण हवे. गोळीने हे सारे साधते. गोळी बाळावर चालत नाही, ती आईच्या रक्तावर चालते. बाळाला इजा झाली नाही तर आई कमी जगेल असे थोडेच आहे? गर्भपाताचा सल्ला आणि गोळीचा सल्ला यांतले अंतर नेमके हे आहे, आणि ते शब्दच्छल नाही. मात्र थॉमस यांच्या उदाहरणात समोर हल्लेखोर होता. येथे बाळ कोणावरही हल्ला करीत नाही, ते फक्त वाढते आहे. म्हणून ‘तोलामोलाचे कारण’ हे शब्द येथे अधिक जड होतात.

१९५१च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी इटलीतील कुटुंबसंघटनांपुढे बोलताना, ‘बाळ की आई’ असा प्रश्न मांडणेच चुकीचे आहे असे बजावले होते. दोन्ही जीव निष्पाप, कोणाचाही थेट नाश करता येणार नाही, दोघांनाही वाचवण्याचा यत्न करावा. बाळाचा जीव आईच्या जिवाहून श्रेष्ठ मानावा असे ख्रिस्तसभेने कधीही शिकवले नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. आपल्यातील कित्येकांच्या कानांवर यातले पहिले अर्धे आले आहे, दुसरे अर्धे आलेलेच नाही.

आता संत जियान्ना बेरेत्ता मोल्ला यांच्याविषयी. १९९४ साली त्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि १६ मे २००४ रोजी संतपद मिळाले. तेव्हापासून मातृत्वावरचे प्रवचन त्यांच्या नावावाचून सहसा पूर्ण होत नाही. १९६१ साली, चौथ्या बाळाच्या वेळी, त्यांच्या गर्भाशयात गाठ आढळली. गर्भाशय काढणे वा गर्भपात करणे त्यांनी नाकारले आणि केवळ गाठ काढून घेतली. २१ एप्रिल १९६२ रोजी मुलगी जन्मली, २८ एप्रिलला त्या गेल्या. वय एकोणचाळीस. मी त्यांच्यापुढे नतमस्तक आहे. पण प्रवचनांतून जी जियान्ना ऐकू येते ती सासूबाईंच्या तोंडी ‘आई काय करत नाही’ होऊन बसते, आणि तिथे काहीतरी हरवते. त्या स्वतः डॉक्टर होत्या. धोका किती, हे त्यांना गावातल्या कोणाहूनही जास्त कळत होते. त्यांनी उपचार टाळले नाहीत, शस्त्रक्रिया करवून घेतली. आणि मुख्य म्हणजे त्यांच्याकडे तो त्याग कोणी मागितला नव्हता. दिलेल्या गोष्टीचे मोल देणाऱ्याच्या मोकळेपणात असते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या प्राणाविषयी हेच सांगतो, की तो त्याच्यापासून कोणी हिरावून घेत नाही, तो आपण होऊन देतो. मरियामातेपुढेही देवदूत थांबला होता. सारे जग तिच्या उत्तराची वाट पाहत उभे आहे, असे चित्र संत बर्नार्ड यांनी आपल्या एका प्रवचनात रंगवले आहे. खुद्द देवाने जिथे विचारले, तिथे आपण गृहीत धरतो.

त्याग करता येतो, तो मागता येत नाही. शेजाऱ्याने आपले घर गहाण टाकून माझे कर्ज फेडले तर तो थोर. पण त्याने तसे करावे अशी मी अपेक्षा धरून बसले तर मी कोण?

एवढ्यावर मी समाधान मानले असते. पण आमच्या ‘महिला मंडळा’तल्या एका वृद्ध बाईंनी मला अडवले. त्या म्हणाल्या, “आईला विचारायचं म्हणतेस, बरं. बाळाला कोण विचारतं? त्याच्या नाकाडोळ्यांचा धोका त्यानं कुठं कबूल केलाय?” या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी आजही नाही. एवढे म्हणता येते की आई आणि बाळ येथे एकमेकांचे देणेकरी नाहीत, दोघेही एकाच रोगाच्या तावडीत सापडलेली आहेत, आणि आई गेली तर बाळही जाते. तरीही शंभरातली ती सहा बाळे आहेतच, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. त्यांच्यासाठी कोणी काही सोसणार असेल तर ती आईच, आणि ती सोसू इच्छिते. तिची ही इच्छाच तर सर्वांच्या हाती सापडते.

मला अधिक टोचते ते हे, की तिला पूर्वीही कोणी विचारले नव्हते. विसाव्या वर्षी झडप बदलताना दोन प्रकार समोर असतात. यांत्रिक झडप टिकाऊ. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप काही वर्षांनी झिजते, दुसरी शस्त्रक्रिया लागते, पण तिला ही जन्मभराची गोळी सहसा लागत नाही. ज्या तरुणीला मुले हवी आहेत तिच्याशी हे बोलायला हवे. हिच्या वेळी डॉक्टर आणि वडील बाहेरच्या व्हरांड्यात बोलले. दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे कुठून आणणार, हा वडिलांचा विचार चुकीचा नव्हता. पण आत खाटेवर ती जागी होती. पुढे आई व्हायचे आहे का, हा प्रश्न तिच्यापर्यंत आला तो पाच वर्षांनी, आणि तेव्हा त्याला धार आलेली होती.

‘आवाक्यात असेल तर’ या धर्मगुरूंच्या शब्दांकडे परत येते. १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना बारावे पायस यांनी, जीव राखण्यासाठी माणसावर कोणत्या उपायांचे बंधन असते, हे सांगताना माणूस, स्थळ, काळ यांची परिस्थिती पाहावी आणि स्वतःवर वा दुसऱ्यावर असह्य भार पडू नये, असे म्हटले होते. तर मग स्थळ पाहू. स्थळ सोलापूर, महिने चैत्र आणि वैशाख. हेपारिनच्या भरलेल्या सिरिंजा पंचवीस अंशांच्या आत ठेवाव्यात असे डब्यावर छापलेले असते. तिच्या घरावर पत्रे, बाहेर बेचाळीस अंश, घरात फ्रीज नाही. दिवसातून दोनदा टोचायचे. एका महिन्याच्या सिरिंजांची किंमत नवऱ्याच्या पगारापेक्षा जास्त. मात्रा बरोबर आहे की नाही हे पाहणाऱ्या चाचणीचा नमुना बाहेरगावी पाठवायचा. नीतिशास्त्राच्या पुस्तकात ज्या निवडीसाठी अर्धे पान खर्ची पडते, तिचा निकाल येथे पत्र्याने आणि पगाराने लावलेला होता. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या त्या स्त्रीची कथा आठवा. तिने होते नव्हते ते वैद्यांपायी घालवले, आणि गुण तर आलाच नाही, उलट दुखणे वाढले, असे मार्क स्पष्ट लिहितो. लूक त्या मानाने वैद्यांना सांभाळून घेतो. परंपरेने त्यालाच वैद्य मानले आहे, तेव्हा ते स्वाभाविकही असेल. पण दोघेही एक गोष्ट नोंदवतात: ती गर्दीत होती, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

तिचे कान फुंकणारे आम्ही सारे तिच्या भोवतीच्या गर्दीत होतो. तिच्या त्यागावर बोलायला आम्हांला एक पैसाही लागत नव्हता.

आणि माझे स्वतःचे सांगायचे राहिले आहे. ऱ्हुमॅटिक ताप एकदा येऊन गेलेल्या मुलाला तो पुन्हा येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे लागते, वर्षानुवर्षे. पाचवीत असताना तिचे ते सुरू झाले होते. इंजेक्शनच्या दिवशी ती शाळेत येत नसे, दुसऱ्या दिवशी लंगडत येई. हजेरीपटावर माझ्या हातची तांबडी खूण होई. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात तिची आई सुट्टी मागायला आली. मी म्हणाले, “परीक्षा होऊन जाऊ द्या हो, एका सुईने काय बिघडतंय?” परीक्षेनंतर सुट्टी लागली, ती आजोळी अक्कलकोटकडे गेली, पावसाळ्यात परतली. सुयांची साखळी तुटली ती तुटलीच. त्या एका सुईने झडप गेली असे कोणी डॉक्टर म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. पण ती चार दिवस गोळीवाचून माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा मला तो हजेरीपट दिसला. जे दुखणे एका सुईने आणि एका रजेने अडवता येण्याजोगे होते, ते आम्ही वाढू दिले, आणि मग त्याच दुखण्यासाठी तिच्याकडे वीरपत्नीचे धैर्य मागत होतो.

त्या रविवारी दुपारी डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतले. झडप सुदैवाने ठीक होती. दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीवर बसवून, नवऱ्याला शेजारी घेऊन, कागदावर दोन हृदये काढून सारे समजावले, आकड्यांसह. ते ऐकून ती एक रात्र थांबली आणि मग म्हणाली, सहा ते बारा आठवडे सुई, नंतर गोळी, शेवटच्या महिन्यात पुन्हा सुई. जास्तीचा धोका तिने कळून, आपल्या अंगावर घेतला. तिने उलट ठरवले असते, गोळीच चालू ठेवली असती, तरी मी तिच्यामागे तशीच उभी राहिले असते, हे मी तिला त्याच वेळी सांगितले. कारण नंतर सांगण्यात अर्थ नसतो.

सिरिंजांचा डबा सहा आठवडे माझ्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी होता. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला ती येई, पोटाची कातडी चिमटीत धरून स्वतः टोचून घेई. मी तोंड फिरवून चहा ठेवी. पैशांचे आमच्या धर्मग्रामाने पाहिले. कोणी किती दिले हे लिहून ठेवायचे नाही, असे आधीच ठरले होते. सासूबाई सुनेला सोडायला येत आणि ओट्यावर बसून राहत. एकदा त्यांनी मला विचारले, “एवढं टोचून घ्यायचं तिनंच का ठरवलं?” मी म्हणाले, तिलाच विचारा. त्यांनी विचारले की नाही, मला ठाऊक नाही.

बाळबाळंतीण सुखरूप राहिली. हे मी मुद्दाम उशिरा सांगत आहे. कारण ते आधी सांगितले असते तर वाचकाने तिचा निर्णय बरोबर ठरवून टाकला असता. शंभरातल्या नऊ जणींत ती सापडली असती तरी तो निर्णय तितकाच तिचा होता, आणि गोळी घेऊन निरोगी बाळाला जन्म देणाऱ्या पुष्कळजणी तिच्याहून कमी आई नाहीत.

मुलगी आता पहिलीत आहे. गेल्या महिन्यात तिचा घसा धरला, ताप आला. आई त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. घशाचा नमुना दिला, दहा दिवसांचे औषध सुरू केले आणि परतताना माझ्याकडे डोकावली. “बाई, हिच्या वर्गात चाचणी चालू आहे. तिथल्या बाई सुट्टीला कुरकुर करत्यात. एक चिठ्ठी लिहून देता का?”

मी चष्मा शोधला आणि लिहायला बसले.